एकशे त्रेचाळिसावं घर

सकाळी दहाला मी नवी यादी चढवली आणि अकराला हाजी मिझहरचा फोन आला की एक घर कमी भरतंय.

"तुझी पाटी एकशे बेचाळीस दाखवतेय," तो म्हणाला. "माझी घरं एकशे त्रेचाळीस. एक कुठं गेलं?"

"मोजताना चुकला असाल, हाजी."

"इंजिनियर, बावीस वर्षं जनरेटर चालवतोय मी. बायकोचं वय चुकेल माझं, घरं चुकायची नाहीत."

मागे हॉर्न वाजत होते. तो नदीपलीकडे करखला निघाला होता, वारलेल्या मावसभावाच्या फातिहेला, दुखवट्याला. गाडी त्याचा जनरेटरवरचा माणूस जब्बार चालवत होता, म्हणजे जनरेटरच्या पिंजऱ्याला कुलूप आणि किल्ली दोघांबरोबर नदीपार.

"संध्याकाळी येतो. तोवर शोधून ठेव," हाजी म्हणाला. "नाही सापडलं तरी काय? ज्याच्या घरात अंधार होईल तो येईलच बोंबलत." आणि त्याने फोन ठेवला.

असं काही सांगून लोक फोन ठेवतात तेव्हा माझं डोकं फिरतं. एकाचा फरक हा सगळ्यात वाईट. वीस-पंचवीस नावं गायब असती तर कुठली तरी यादीच राहिली असेल म्हणून मी हसत शोधलं असतं. एक म्हणजे कुणीतरी माणूस. मी लॅपटॉप उघडला, मिटला, पाणी प्यायलो, परत उघडला.

आमच्या मोहल्ल्यात सरकारी वीज येते तेव्हा येते. बाकीचा बगदादचा उन्हाळा हाजीच्या जनरेटरवर निघतो. त्याच्या तीन लाईनी आहेत. एक नंबर सोनेरी, चोवीस तास चालू. दोन नंबर पहाटेची बंद. आणि तीन नंबर दुपारी एक ते चार बंद, कारण जुलैत त्या वेळी जनरेटरलाही धाप लागते. आतापर्यंत जब्बार हाताने खटके पाडायचा. आता नवीन पाटी आली होती, घराघराच्या विजेचा डबा स्वतः चालू-बंद करणारी, आणि तिला अक्कल देण्याचं काम मोहल्ल्यातल्या एकुलत्या एक प्रोग्रामरकडे, म्हणजे माझ्याकडे, आलं होतं.

हाजीकडे तीन लाईनींच्या तीन याद्या. माझ्या धंद्याच्या भाषेत एक ऑब्जेक्ट, त्याला तीन प्रॉपर्टीज, आणि प्रत्येकीच्या पोटात नावांचा ॲरे. पाटीला हवं होतं बरोबर उलटं. तिने डब्यावरचं नाव वाचायचं आणि त्या नावाची लाईन कोणती ते तिला एका फटक्यात कळलं पाहिजे. म्हणून याद्या उलट्या करून मॅप बनवायचा, डावीकडे नाव, उजवीकडे लाईन. सहा ओळींचं काम. मी ते दात घासता घासता करू शकतो, आणि खरं सांगायचं तर जवळजवळ तसंच केलं होतं.

हाजीने एकच अट घातली होती. त्याच्या अंगठ्याशिवाय पाटीने कुठलीही नवी यादी घ्यायची नाही. मागे त्याच्या मेव्हण्याने जब्बारला चहा पाजून स्वतःला सोनेरी लाईनवर चढवून घेतलं होतं, तेव्हापासून त्याचा सख्ख्या भावावरही विश्वास नाही. मी त्याच्या फोनवर अंगठा टेकवायची सोय करून दिली. तो दोन दिवस सगळ्या चहाच्या टपऱ्यांवर ती दाखवत हिंडत होता.

मॅपचा एक स्वभाव आहे. त्यात एका नावाला एकच जागा. त्याच नावाचा दुसरा आला की तो पहिल्याला उठवतो आणि त्याच्या जागी बसतो. कुठे तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही. त्यामुळे एक कमी भरतंय म्हटल्यावर पहिला संशय हाच की कुठलं तरी नाव दोनदा आहे. आमच्याकडे हे व्हायलाच हवं. आमच्याकडे माणूस बाप झाला की त्याचं स्वतःचं नाव सरकारी कागदापुरतं उरतं. थोरल्या मुलाच्या नावाने तो अबू अमुक, त्याची बायको उम्म अमुक. खुद्द हाजी मिझहर अबू सरमद आहे. एकट्या आमच्या मोहल्ल्यात अबू हुसेन सात.

पण हाजी कच्चा नव्हता. त्याने प्रत्येकाला शेपूट लावलं होतं. अबू हुसेन बेकरीवाला, अबू हुसेन लंगडा, अबू हुसेन ज्याची बायको ओरडते. मी तिन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि कुठलं नाव दोनदा येतंय ते शोधणारा तुकडा लिहिला.

एकही नाही. एकशे त्रेचाळीस नावं, एकशे त्रेचाळीस वेगवेगळी.

परत चालवला. तेच. मॅप परत बनवला. एकशे बेचाळीस.

"बस जरा," स्वयंपाकघरातून रफल म्हणाली. रफल माझी बायको. ती भेंडीची डोकी उडवत होती. "फरशी झिजेल."

"याद्यांत एकशे त्रेचाळीस आहेत आणि उलटवल्या की एकशे बेचाळीस होतात. असं होऊच शकत नाही."

"होतंय ना?"

"होतंय. पण होऊ शकत नाही."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "आमच्या शाळेतसुद्धा असंच असतं. वर्गात चाळीस मुली आणि सहलीच्या बसमध्ये एकोणचाळीस. एक नेहमी पाणी प्यायला गेलेली असते."

मी हसलो नाही. म्हणून ती रागावलीही नाही; तिला माझी सवय आहे. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते, सुट्ट्या चालू होत्या, आणि सुट्टीत घरात मी असा फेऱ्या मारतो म्हणून ती आईकडे जाईन म्हणते आणि जात नाही.

बाराला अम्मानच्या ऑफिसची बैठक होती. पडद्यावर सहा तोंडं बोलत होती आणि मी खाली याद्यांमधून बोट फिरवत होतो. उम्म झमान विधवा. अबू मुहन्नद टॅक्सी. अबू रुसुल, ज्याला मुलगा नाही म्हणून मुलीच्या नावाने. मी मॅपमधली नावं काढून यादीतल्या नावांशी जुळवून पाहिली, तर भलतंच झालं: एक नाही, साठ नावं जुळेनात. मॅनेजर विचारत होता, "सिनान, तुझं मत काय?" मी म्हटलं, "मलाही तसंच वाटतं." कशाबद्दल ते आजवर मला माहीत नाही.

बैठक संपल्यावर तोंडावर पाणी मारायला गेलो. नळाला गच्चीवरच्या टाकीचं पाणी, चहा करता येईल इतकं गरम. डोळे मिटून उभा होतो आणि तिथे डोक्यात पेटलं. धुलाई!

साठ नावं जुळत नव्हती कारण मॅपमधली नावं मी धुतलेली होती. डब्यांवरच्या पट्ट्या जब्बारने लिहिल्या होत्या आणि जब्बारचं शुद्धलेखन म्हणजे देवाची कृपा. कुठे अक्षरावरची हमजाची खूण नाही, कुठे अलिफ भलता, कुठे दोन ठिपके विसरलेले. हाजीच्या याद्या आणि जब्बारच्या पट्ट्या जुळाव्यात म्हणून मी जुन्या कामातला एक तुकडा उचलून मध्ये बसवला होता. तो सगळे अलिफ एकसारखे करायचा, सगळे हमजा पुसायचा, मग नाव मॅपमध्ये टाकायचा. आणि मी मूर्ख दीड तास न धुतलेल्या नावांत जोडी शोधत होतो.

ओल्या हातांनीच टंकलं. धुतलेल्या नावांत दोनदा येणारं नाव दाखव.

एकच ओळ आली. अबू गायब. लाईन एक, लाईन तीन.

ज्याला मूल नाही त्याला मोहल्ल्यात नुसत्या नावाने हाक मारणं बरं दिसत नाही. म्हणून अबू गायब. जो अजून आलेला नाही त्याचा बाप. लोक हे प्रेमाने म्हणतात, आणि मला हा शब्द पहिल्यापासून आवडत नाही.

मी हाजीच्या मूळ याद्या उघडल्या. एक नंबरमध्ये त्याने आपण बोलतो तसं लिहिलं होतं, अबू गायब, साधा 'य'. तीन नंबरमध्ये अबू गाइब, मधे हमजा देऊन, शाळेच्या फळ्यावर लिहितात तसं शुद्ध. हाजीने विचार करून केलं होतं हे. शेपूट लावायला जागा नव्हती, अशा माणसाला आणखी काय चिकटवणार, म्हणून त्याने स्पेलिंग वेगळं केलं. त्याच्यापुरती ती दोन माणसं होती. मी हमजा धुऊन टाकला, दोघांचा एक झाला, आणि तीन नंबरची यादी शेवटी वाचली जाते म्हणून तीन नंबरवाला राहिला.

एक नंबरचा अबू गायब कोण ते मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. उस्ताद हिकमत. मागच्या गल्लीत राहतात, मला सहावीत भूगोल शिकवला, दजला आणि फुरात नद्या कुठे मिळतात हे चुकलो म्हणून खडू फेकून मारला होता. आता फुप्फुसं गेलीत. दिवसरात्र नाकात नळी आणि पलंगाशेजारी हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र. त्या यंत्रासाठीच त्यांना सोनेरी लाईन. आणि माझ्या मॅपप्रमाणे ते आता तीन नंबरवर होते.

घड्याळात बारा एकेचाळीस. सरकारी वीज सकाळपासून नव्हती.

 दुरुस्ती सोपी होती. मी मॅपमध्ये अबू गायबच्या समोर तीनचा एक केला. दोन्ही डबे सोनेरी लाईनवर जातील, जाऊ देत. दुसरा जो कोण असेल त्याला आजच्या दिवस फुकट सोनं. बारा सेहेचाळीसला यादी पाठवली. पडद्यावर उत्तर आलं: मालकाच्या अंगठ्याची वाट पाहत आहे.

हाजीला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत. जब्बारला लावला, त्याचा बंदच. हाजी फातिहेत फोन खिशात आवाज मिटवून ठेवतो, मागे एकदा दुआ चालू असताना त्याच्या खिशात लग्नाचं गाणं वाजलं होतं. पाच वेळा लावला. मग मी अशा शिव्या दिल्या की रफल दाराशी आली. हात तांदळाच्या पाण्याने ओले.

"काय झालं?"

मी भराभर सांगितलं. तिला समजायला वेळ लागत नाही. "तू उस्तादांकडे जा," ती म्हणाली. "सिलिंडर असेल त्यांच्याकडे, तो जोडून ठेव."

"जातोच आहे." चप्पल सापडत नव्हती. राग कुठेतरी काढायचाच होता, म्हणून मी त्या दुसऱ्यावर काढला. "आणि हा तीन नंबरवाला कोण? दुसरा अबू गायब कुठून आला आपल्याकडे? हाजी आयुष्यात कधी हमजा लावत नाही, स्वतःच्या नावातला 'ह' चुकवतो, आणि ह्याच्यासाठी शुद्धलेखन! कोण एवढा शिकलेला लागून गेलाय?"

 चप्पल टेबलाखाली होती. मी वाकलो, तेव्हा रफल हळूच म्हणाली, "सिनान, आपण कुठल्या लाईनवर आहोत?"

मी टेबलाखालीच थांबलो.

"तीन," मी म्हटलं.

ती झग्याला हात पुसत राहिली, पुसून झाले तरी.

मला वाटत होतं मी यादीत 'सिनान इंजिनियर' असेन. मी स्वतःला शोधलंच नव्हतं. आपलं नाव आपल्याला माहीत असतं, ते कोण शोधतं? गल्लीत सगळे मला इंजिनियर म्हणतात, ऑफिसात सिनान, आणि मी समजत होतो की या एका गोष्टीतून मी सुटलो. लग्नाला अकरा वर्षं, चार डॉक्टर झाले, शेवटी आम्ही जायचंच बंद केलं, त्याबद्दल घरात बोलायचं नाही असं न ठरवता ठरलं. आणि मोहल्ल्याने मागच्या मागे मला नावही ठेवून टाकलं होतं, वर हमजा लावून.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आधी जा तू. एक वाजत आलाय."

मी धावलो. त्या उन्हात आमच्याकडे कुत्रंसुद्धा धावत नाही. राग हाजीचा होता, मग रफलचा, की हिला माहीत होतं आणि ही गप्प बसली. आणि पळता पळता लाज वाटायला लागली की त्या म्हाताऱ्याचा श्वास जातोय आणि मी माझ्या नावाचं घेऊन बसलोय. पण मनातून जात नव्हतं. उस्तादांच्या जागी जो बसला होता तो मीच होतो.

बद्रियाखालाने दार उघडलं. उस्तादांची बायको, सत्तरीची, पाठीत वाकलेली. "अरे, इंजिनियर! ये, ये. जेवून जा, डोल्मा केलाय."

"खाला, सिलिंडर कुठंय?"

"सकाळीच भरायला गेला. का रे?"

"कधी येणार?"

"अस्रच्या नमाजाला, चारच्या सुमारास, देतो म्हणालाय. झालं काय, तोंड असं का?"

मी आत गेलो. खोली थंड, यंत्र कोपऱ्यात घुरघुरत होतं. उस्ताद उशांना टेकून बसले होते, हातात वर्तमानपत्र, नाकात नळी. "या या," ते म्हणाले. एका श्वासाला दोन शब्द. "पाटीचे... शिल्पकार."

"उस्ताद, माझी चूक झालीय. एक वाजता तुमची लाईट जाणार. हाजी फोन उचलत नाहीये."

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. यंत्राकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "खिडकी... उघडून ठेव. आणि... घाबरट तोंड... बाहेर ने." सहावीत फळ्यापाशी उभं करून बोलायचे त्याच आवाजात.

शेजारून वायर ओढता आली असती. उजवीकडचं घर हाजीचंच, सोनेरी लाईन, पण सगळं घर फातिहेला गेलेलं, दाराला कुलूप. डावीकडचे तीन नंबरवाले. समोरचेही. मी तरी गल्लीत जाऊन ओरडलो, सोनेरी कुणाकडे आहे? दोन खिडक्या उघडल्या, दोन्हीकडून नाही आलं. परत आत आलो आणि एक वाजला.

पंखा थांबला. कूलर थांबला. यंत्राने एक लांबलचक शिट्टी दिली आणि तेही थांबलं. मला असं वाटत होतं की काही क्षण तरी जातील, पण उस्तादांनी लगेच तोंड उघडलं.

खालाने ताडाचा पंखा घेतला आणि वारा घालायला लागली. वाऱ्याचा काय उपयोग, पण हातांना काहीतरी हवं असतं. मी फोन लावत होतो, हाजी, जब्बार, हाजी. उस्तादांची छाती वरखाली होत होती आणि आत काही जात नव्हतं. ओठांचा रंग बदलायला लागला. एक वाजून तीन मिनिटं.

तेवढ्यात रफल आली. अबाया अर्धी अंगावर, अर्धी हातात, फोन कानाला.

"हाजीच्या बायकोला लावतेय, उम्म सरमदला," ती म्हणाली. "बायकांच्या बाजूला असेल ती. बायका फोन उचलतात."

आणि खरंच उचलला. मागे रडण्याचा, कुराणाचा आवाज मला इथपर्यंत येत होता.

"उम्म सरमद? मी उम्म गायब बोलतेय." ती क्षणभर थांबली. "नाही गं, बद्रियाखाला नाही. धाकटी. हो, हो, धाकटी उम्म गायब. ऐक, रडणं सोड एक मिनिट. पुरुषांच्या मंडपात कुणाला तरी पाठव, हाजीला म्हणावं फोन काढ आणि अंगठा टेकव. आत्ता. उस्तादांचं यंत्र बंद पडलंय. अगं नमाज चालू असली तरी पाठव! देव समजून घेईल!"

धाकटी उम्म गायब. ती हे नाव असं म्हणाली की तिला नवं काहीच नव्हतं. बेकरीवर, भाजीवाल्याकडे, शेजारच्या दारात, किती वेळा तिने त्या हाकेला मान वळवली असेल. पहिल्यांदा हाक आली त्या दिवशी ती घरी येऊन काय म्हणाली होती? काहीच नाही. मी लॅपटॉपवर असेन. तिने मला इंजिनियर राहू दिलं आणि दोघांच्या वाटणीचं नाव एकटीने घेतलं. मला तिच्याकडे बघवेना.

"चार वर्षं झाली," फोन कानाला तसाच ठेवून ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मी 'कधीपासून?' विचारलं होतं ते मला आठवावं लागलं.

"सांगायचं तरी."

"तू चिडला असतास."

"चिडलोच असतो."

"मग."

बद्रियाखाला पंखा हलवता हलवता आमच्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं असावं, कारण तिने मधेच रफलच्या पाठीवरून हात फिरवला आणि परत पंखा धरला.

एक वाजून सहा. उस्तादांचे डोळे छताला लागले. मी त्यांना पाठीमागून धरून सरळ बसवलं, तसं बरं असतं म्हणे. त्यांचं सगळं वजन माझ्या हातांवर, हाडांचं, फारच थोडं. त्यांनी माझं मनगट पकडलं होतं. मी मोठमोठ्याने बोलत होतो, काहीही, येईल आता, उस्ताद, येईल, आणि मला ऐकू येत होतं की माझा आवाज लहान पोरासारखा झालाय. मनात एकच चाललं होतं. मी यांना पुसलं. सहा ओळींत, दात घासता घासता.

"मिळाला!" रफल ओरडली. "उम्म सरमदचा फोन हाजीच्या कानाला लावलाय. स्वतःचा काढतोय. अंगठा लागत नाहीये म्हणतोय, घाम आलाय."

"पुसायला सांग!"

"पूस रे अंगठा, पूस! दिशदाशाच्या बाहीला पूस!"

एक वाजून नऊ. कूलर आधी घरघरला, मग पंखा फिरला, मग कोपऱ्यातून ती शिट्टी आली आणि यंत्र चालू झालं. खालाने नळी हाताने दाबून धरली, जशी काही ती पळून जाणार होती. आम्ही तिघं उस्तादांच्या तोंडाकडे बघत बसलो. एक श्वास आत गेला. मग दुसरा. बऱ्याच वेळाने ओठ जरा माणसाच्या रंगाचे झाले आणि त्यांची माझ्या मनगटावरची पकड सैल पडली. रफल भिंतीला टेकून खाली बसली आणि तिथेच रडायला लागली, आवाज न करता. मी तिच्याकडे गेलो असतो, पण उस्ताद अजून माझ्या हातांवर रेललेले होते.

तिचा फोन जमिनीवर पडला होता, चालूच. त्यातून हाजीचा आवाज आला, फातिहेत बसलेल्या माणसाला शोभणार नाही इतका मोठा.

"आली का लाईट? कुणीतरी बोला! अबू गायब! ए अबू गायब, आली का?"

उस्तादांनी पांघरुणावरून हात उचलला, बोलता येत नव्हतं म्हणून. हात अर्ध्यावर गेला आणि राहिला. रफलने डोकं वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आली, हाजी," मी म्हटलं. "दोघांकडेही आली."